आधी गणपती चढवून दाखवा

जगात सरळ असं काही नसतंच, फक्त वाकडं आणि कमी वाकडं असतं, यावर आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांइतका विश्वास उभ्या सोलापुरात कुणाचा नसेल. शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले, पण खिशातला कोनमापक काही निवृत्त झाला नाही. आमच्याकडे चहाला आले की आधी भिंतीवरचं घड्याळ सरळ करणार, मग बसणार. माझ्या पुतण्याच्या लग्नात तर भर अक्षता पडत असताना पुढे जाऊन त्यांनी नवरदेवाच्या मुंडावळ्या सारख्या केल्या. वर मलाच ऐकवलं, "फोटोत जन्मभर वाकडं दिसलं असतं की!"

अशा माणसाचं कुणाशी जमणार? जमलं ते तळमजल्यावरच्या चाचांशी, आणि तेही भांडणापुरतं. चाचांनी उभा जन्म ट्रक चालवला. संध्याकाळी दोघं गेटजवळच्या बाकावर बसायचे आणि शेंगाचटणीत लसूण किती असावा इथून निघून, होटगीला कुंभारीवरून जाणं जवळ की लांब, इथवर पोचायचे. काका काडीने मातीत नकाशा काढायचे. चाचा तो चपलेने पुसायचे. "नकाशे पे ट्रक नै चलती, मास्तर!"

मग चाचांना अर्धांगाचा झटका आला आणि ते व्हीलचेअरवर बसले. तळमजला असला तरी आमच्या इमारतीतून बाहेर पडायला पायऱ्या उतराव्याच लागतात. चाचा घरात अडकले. काका खाली उभे राहून गॅलरीकडे बघत भांडण काढायचे. काही दिवस चाचांनी साथ दिली, मग आतूनच आवाज यायला लागला, "हां मास्तर, तुमचंच बरोबर." काका हादरलेच. चाचा हरायला लागले म्हणजे काही खरं नाही, असं त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं.

पुढच्याच सभेत काका नियमावली घेऊन उभे राहिले. इमारतीला रॅम्प हवाच, आणि एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. चेअरमन वैतागले. "काका, एका माणसासाठी एवढं?"

"एकासाठी न्हाय ओ, दोघांसाठी. भांडायला दोघं लागतात की."

सगळे हसले, ठराव झाला, रॅम्पही झाला. पण चेअरमनांच्या स्कूटरची जागा वाचवायची म्हणून तो पायऱ्यांच्या लांबीतच, उभाच्या उभा बसवला होता. पोरांनी दुसऱ्या दिवसापासून त्याची घसरगुंडी केली. काकांनी कोनमापक लावून बघितला, आकडा नियमावलीच्या मागे लिहून घेतला आणि घरी गेले. त्यांच्या मनात काय शिजतंय, याचीच आम्हाला भीती वाटली.

गणेश चतुर्थीला ते कळलं. आमचा गणपती हातगाडीवरून गेटापर्यंत येतो आणि मग चार जण उचलून पायऱ्या चढतात. त्या दिवशी लेझीम रंगात आलं असताना काका हात पसरून आडवे उभे राहिले. "आज उचलायचा न्हाय. गाडीवरूनच चढवा. रॅम्प केलाय की तुमी!"

"अहो काका, मूर्ती कलंडंल!" चेअरमन ओरडले.

"आणि चाचा कलंडणार न्हाईत व्हय?"

लेझीम थांबलं. चेअरमनांनी मूर्तीकडे बघितलं, मग चाचांच्या गॅलरीच्या बंद दाराकडे. "विसर्जन होऊ द्या," ते हळूच म्हणाले, "हा रॅम्प तोडतो." आणि हातगाडी बाजूला घेऊन मूर्ती उचलायला स्वतःच हात लावला.

नवा रॅम्प भिंतीच्या कडेने निघाला, मध्ये वळला, कठडा धरून चेअरमनांच्या स्कूटरची जागा गिळत गेटापाशी आला. काम चालू असेपर्यंत काका दोरी घेऊन उन्हात उभे होते. पहिल्या संध्याकाळी चाचांची सून खुर्ची घेऊन निघाली तेव्हा सगळी सोसायटी जमली होती. खुर्ची अलगद उतरली. आम्ही टाळ्या वाजवल्या, कुणीतरी पेढेही आणले होते. बाकापाशी आल्यावर चाचांनी मागे वळून रॅम्पवर नजर टाकली आणि काकांना म्हणाले, "मास्तर, वळण पे थोडा तिरका है."

"तिरका? माझा?" काकांनी कोनमापक उपसला, पण डोळे भरल्यामुळे त्यांना आकडे दिसेनात.

आता रोज संध्याकाळी पुन्हा कुंभारी आणि होटगी सुरू असतं. दोघंही थकलेत. कधीतरी यातला एक आवाज थांबेल, हे मला कळतं. म्हणून खाली भांडण पेटलं की मी टीव्ही बंद करतो आणि गॅलरीत येऊन बसतो.