तिबिलिसीत बाबा हरवले तेव्हा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आई गेल्यावर बाबांना नागपूरहून अमेरिकेत, अल्फारेटाला आणलं ते मी हट्टानं. त्यांनी आता इथंच राहावं, तिकडचा फ्लॅट विकून टाकावा, ग्रीन कार्डाचं मी बघेन, एवढंच माझं म्हणणं. सत्त्याहत्तराव्या वर्षी माणूस एकटा राहतो म्हणजे काय! ते तिकडे असताना रोजचा फोन लागेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. बाबा ‘नाही’ म्हणत नव्हते आणि ‘हो’ही म्हणत नव्हते. “बघू,” म्हणायचे.

बघण्यात चार महिने गेले. बाबा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. हातात पेन्सिल नसलेले बाबा मी जन्मात पाहिले नव्हते, ते इथं पाहिले. चित्र का काढत नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, “कशाचं काढू? एक घर काढलं की सगळी कॉलनी काढून होते.” सकाळी गॅरेजचं दार उघडायचं, फोल्डिंगची खुर्ची टाकायची आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत बसायचं. एकदा फिरत फिरत जरा लांब गेले, तर एका बाईनं गाडी थांबवून विचारलं, तुम्ही ठीक आहात ना, कुणाला फोन करू का? बाई चांगलीच होती. पण त्यानंतर बाबा कॉलनीच्या बाहेर पडले नाहीत.

स्प्रिंगमध्ये मी आठवडाभराची रजा टाकली. नवऱ्याला रजा नव्हती. म्हटलं, “बाबा, आपण दोघं जाऊ. कुठं जायचं बोला. नायगारा? वेगस?”

“तिबिलिसी,” बाबा म्हणाले.

आमच्या लहानपणी घरात एक रशियन मासिक यायचं. मिळायचं अगदी स्वस्तात, आणि कागद असा गुळगुळीत की काय सांगू! वाचायचं कुणी नाही, सगळं जायचं वह्यापुस्तकांच्या कव्हरांत. माझ्या पाचवीच्या भूगोलावर तिबिलिसीतली, नदीकाठच्या कड्यावरची घरं होती, लाकडी बाल्कन्या हवेत लटकलेल्या. मी विसरले होते, मास्तर विसरले नव्हते. “ती घरं खाली कशी पडत नाहीत, ते बघायचं आहे मला,” म्हणाले.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात राहायचं आणि जॉर्जिया देशालाच जायचं म्हटल्यावर ऑफिसात सगळे हसले. पण पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला की तिकडचा वेगळा लागत नाही, असं कळलं, आणि मला नाही म्हणायला कारण उरलं नाही. अट मात्र घातली. परत आल्यावर फ्लॅटचं काय ते सांगायचं, ‘बघू’ चालणार नाही. “सांगतो,” बाबा म्हणाले.

विमानतळावरून येताना सोव्हिएत काळातल्या ठोकळेबाज इमारती दिसल्या आणि मनात म्हटलं, झालं, फसलो. मग टॅक्सी जुन्या भागात शिरली. बाई गं! काय शहर आहे! भिंतींचे पोपडे निघालेत, जिने वाकडे झालेत, आणि त्यावर नक्षीच्या लाकडी बाल्कन्या, त्यांवर द्राक्षाचे वेल, या घरातून त्या घरात गेलेल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. कुणाला त्याची लाज नाही, कुणी ते पर्यटकांसाठी सजवलेलंही नाही. रस्त्यावरची कुत्री दांडगी आणि गुबगुबीत, कारण सगळी गल्ली त्यांना खाऊ घालते. मेट्रोचा सरकता जिना इतका खोल की खाली पोचेपर्यंत एक पोळी भाजून व्हावी. म्हाताऱ्या बायका ठसक्यात उभ्या राहून अक्रोडाच्या माळा विकतात, द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेल्या. मला ते शहर पहिल्याच दिवशी आवडलं, आणि मला सहसा काही आवडत नाही.

बाबा कड्याखाली मान वर करून अर्धा तास उभे होते. शेवटी म्हणाले, “तुळया पार आतपर्यंत नेल्यात गं. बाहेर दिसतं तेवढंच लटकलेलं आहे.” खिशातून पेन्सिल निघाली. मला मनातून फार बरं वाटलं.

सकाळी सातला कोपऱ्यावरच्या भट्टीतून पाव आणायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. तिथला भट्टीवाला विहिरीसारख्या गोल भट्टीत कमरेपर्यंत वाकून आतल्या भिंतीला कणीक थापतो. त्याचं चित्र बाबांनी दुसऱ्याच दिवशी काढलं, त्यालाच देऊनही टाकलं.

चौथ्या दिवशी नऊ वाजून गेले तरी बाबा परतले नाहीत. त्यांच्या फोनमध्ये मी लोकेशन चालू करून ठेवलं होतं. ॲप उघडलं, तर बाबा माझ्या शेजारीच दिसले, कारण फोन उशीजवळ चार्जिंगला होता. तशीच धावत सुटले. भट्टीवाल्याला फोटो दाखवला, तर तो हसून गल्लीच्या वरच्या टोकाकडे हात करायला लागला. हसतोय काय हा! भिंतीला टेकत टेकत चढ चढले. एका घराच्या आतल्या चौकातून दुसऱ्याच्या चौकात, “बाबा! बाबा!” अशा हाका मारत. बायका खिडक्यांतून डोकावून काहीबाही विचारत होत्या. मी रडत होते, आणि एकीकडे आता हे सापडले की यांना काय काय ऐकवायचं, याची तयारीही चालली होती.

तिसऱ्या चौकात वर नजर गेली. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत, एका दाराबाहेर, चपला. जोडीनं, भिंतीला लावून, तोंडं बाहेरच्या बाजूला. चार दिवसांत मी त्या गावात एका दाराबाहेर पायताण पाहिलं नव्हतं. तिथं लोक काढतात ते घरात जाऊन. दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेर असं शिस्तीत काढून आत जाणारा माणूस सगळ्या तिबिलिसीत एकच होता.

मी जिना कसा चढले, मला आठवत नाही. दार उघडंच होतं. आत टेबलाशी बाबा बसलेले, समोर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ छाती पुढे काढून पुतळ्यासारखे बसलेले, आणि बाबा त्यांचं चित्र काढताहेत. गृहस्थांची बायको मातीच्या भांड्यातून बाबांना राजम्यासारखी उसळ वाढत होती. ताटात टाकायचं नाही ही बाबांची सवय आणि पाहुण्याचं ताट रिकामं दिसता कामा नये ही तिची, त्यामुळे बाबांची चौथी वाढ चालली होती.

“अरे, आलीस? ये, बस,” बाबा म्हणाले. “यांना बटाट्याचं पोतं वर न्यायचं होतं. मी दुसरं टोक धरलं.”

“फोन कुठाय तुमचा?” मी ओरडले. “कळतंय का काही? मेले असते मी!” आणि तिथंच दारात खाली बसून हमसून हमसून रडले. त्या बाईनं मला उठवलं, पाणी दिलं, माझ्यापुढेही ताट ठेवलं. बाबा माझ्याकडे बघत राहिले फक्त.

पुढचे तीन दिवस बाबांनी मला शहर दाखवलं. ते पुढे, मी मागे. भट्टीवाला त्यांना हात करायचा, पोत्याचे मालक बाल्कनीतून हाक मारायचे, एक फुलवाली बळेच त्यांच्या खिशात डेझीचं फूल खोचायची. भाषेचा एक शब्द येत नाही! अल्फारेटात चार महिन्यांत त्यांना एक माणूस ओळखीचा झाला नव्हता. मला राग आला, खरं सांगते. कुणाचा ते समजेना. मी त्यांना एवढं मोठं घर दिलं, वेगळी खोली दिली, आणि हे खुलले कुठं, तर बटाट्याच्या पोत्याशी!

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी किचनमध्ये चहा घेताना बाबांनी आपणहून विषय काढला.

“मी ठरवलंय. राहतो इथं. फ्लॅटचं गिऱ्हाईक बघायला सांगू.”

आई गेल्यापासून मी याच वाक्यासाठी भांडत होते. “असं एकदम?” एवढंच विचारलं.

“त्या दिवशी तू दारात बसलीस न, तेव्हा तुझं तोंड पाहिलं मी,” बाबा म्हणाले. “आई गेल्याचा फोन तुला मी केला होता. तेव्हा तुझं तोंड दिसलं नव्हतं मला. परत तुला तसं भ्यायला नको. माझं काय, मी बसेन इथं. मजेत आहे.”

मजेत! मला गॅरेजमधली ती खुर्ची दिसली. कपाळाला हात लावून मी ओट्याला टेकले. माझी भीती जावी म्हणून हा माणूस उरलेलं आयुष्य रिकाम्या रस्त्याकडे बघत काढायला तयार झाला होता, आणि वर ‘मजेत आहे’ म्हणत होता.

“नाही बाबा,” मी म्हटलं. “तुम्ही नागपूरला जा. तिकीट मी काढते.”

“अगं, पण तुझा जीव...”

“लागू दे टांगणीला. रोज फोन करा. नाही केलात तर शेजारच्या काकूंना तुमच्या दारावर पाठवीन.”

बाबांनी कप खाली ठेवला. डोळे भरून आले होते त्यांचे, आणि माझेही.

“नक्की म्हणतेस का?”

“नक्की नाही,” मी म्हटलं. “पण जा.”