शेजारच्या ताऱ्याची वजाबाकी

आमच्या खगोल विभागात त्यांना सगळे वजाबाकीबाई म्हणत, आणि सगळ्यांत मोठ्याने मी. दुर्बिणीतून आलेल्या चित्रांतला नको तो उजेड वजा करायचा, हे त्यांचं बत्तीस वर्षांचं काम.

एकदा एक दूरचा तारा काही महिने उजळला आणि पुन्हा पहिल्यासारखा झाला. त्याच्यासमोरून काहीतरी काळं, न दिसणारं गेलं होतं आणि त्याच्या गुरुत्वाने ताऱ्याचा प्रकाश वाकवला होता. नुसत्या उजळण्यावरून त्या काळ्या वस्तूचं वजन कळत नाही. त्यासाठी तारा जागचा किती हललेला दिसतो, ते वर्षानुवर्षं मोजावं लागतं. तारा उजळला तेव्हा बघायला आलेल्यांमुळे खोलीत उभं राहायला जागा नव्हती. नंतर बाई एकट्या उरल्या. सहा वर्षं मोजत राहिल्या.

त्यांच्या आकड्यांवरून आमच्या विभागप्रमुख साहेबांनी वजन काढलं: सूर्याच्या सातपट. म्हणजे कृष्णविवर! लगेच पत्रकारांना आमंत्रणं गेली. बाईंनी माझ्या हातात चार ओळींची चिठ्ठी ठेवली.

"त्या ताऱ्याला चिकटून एक अंधुक तारा आहे, त्याचा उजेड वजा करायचा राहिलाय. तो काढला तर जेमतेम दोनपट भरतं, तेवढ्यावर कृष्णविवर म्हणता येत नाही. साहेबांना आजच द्या हं."

साहेब त्या दिवशी हवेत होते आणि माझ्या बढतीची फाईल त्यांच्या टेबलावर होती. मी कच खाल्ली. चिठ्ठी खणात टाकली. बाई विचारायला आल्या तेव्हा म्हणालो, "वाचली त्यांनी. तुमचंच चुकलंय म्हणाले." महिन्याभरात त्या निवृत्त झाल्या. मला बढती मिळाली.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका गटाने तोच तारा मोजला. दोनपट. साहेबांनी 'सुधारित निष्कर्ष' म्हणून हात झटकले. असली माणसं कधी तोंडावर पडत नाहीत. मी मात्र तो अहवाल घेऊन बाईंच्या घरी गेलो, सगळं कबूल करायचं ठरवून.

त्यांच्या भावजयीने दार उघडलं. "बरं झालं आलात. वन्संना तुम्हीच समजवा. दिवसभर ते आकडे घेऊन बसतात."

टेबलावर वह्यांची चळत होती. बाईंनी अहवाल वाचला, चष्मा काढला.

"म्हणजे माझं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी माझी चूक शोधतेय हो. साहेबांनी वाचून सांगितलं, म्हणजे असणारच, असं वाटलं. सापडेचना."

भावजयीने चहा आणून ठेवला.

"साखर बरोबर आहे ना?" बाईंनी विचारलं.

"बरोबर आहे," म्हणालो, आणि कप रिकामा करून निघालो.