खारीचं ऑपरेशन

घटस्फोटानंतर मी आणि माझी मुलगी अमेरिकेत, ट्रॉय शहरातल्या एका लहानशा अपार्टमेंटमध्ये राहायला आलो. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचे. ओळखीच्या मराठी मंडळींकडून गणपतीचं बोलावणं पहिल्या वर्षी आलं, दुसऱ्या वर्षी आलं नाही. वाईट कुणी बोललं नाही. नुसते फोन थांबले.

मुलीचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष सुरू होत होतं. पार्किंगजवळचं मेपलचं झाड तोडलं, तेव्हा त्यातून पडलेलं खारीचं पिल्लू ती स्वेटशर्टात गुंडाळून घरी घेऊन आली. डोळेसुद्धा उघडले नव्हते त्याचे. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळते त्या पावडरीचं दूध ड्रॉपरनं पाजून तिनंच त्याला जगवलं. मी त्याला ‘ती’ म्हणायचे. मराठीत खार ही ‘ती’च. मुलगी वैतागायची, “आई, इट्स अ बॉय!”

वर्षभरानं मुलगी कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेली. डॉर्ममध्ये खार चालत नव्हती, म्हणून तो माझ्याकडे राहिला.

संध्याकाळी दार उघडलं की तो पडद्यावरून सरसर उतरून माझ्या खांद्यावर यायचा. माझ्या कोटाच्या खिशात, बुटात, एकदा तर अंबाड्यात अक्रोड लपवायचा. मी त्याच्याशी बोलायचे. लॅबमध्ये कोण काय म्हणालं, आमटीत गूळ जास्त पडला, असलंच काहीबाही. दिवसभराचं माझं मराठी बोलणं तेवढंच.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मुलगी आली. तिनं बॅग खाली ठेवली नसेल तोच त्यानं पडद्याच्या दांडीवरून तिच्या हातावर उडी घेतली आणि बोटाला कडकडून चावला. रक्त थांबेना. मी हात धुऊन पट्टी बांधत होते, तर हा माझ्या खांद्यावर बसून तिच्याकडे बघत दात वाजवतोय. मुलगी रडायला लागली. दुखलं म्हणून नव्हे.

“ही डझन्ट इव्हन नो मी,” ती म्हणाली.

मी त्याला पिंजऱ्यात घातलं. ती खोलीचं दार लावून झोपली आणि ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच परत गेली. निघताना म्हणाली, “आई, त्याला फिक्स करून घे. प्लीज.” म्हणजे खच्ची करायचं ऑपरेशन.

ससे-पक्षी बघणारे एक म्हातारे डॉक्टर शोधून मी त्याला घेऊन गेले. त्यांनी त्याला टॉवेलमध्ये धरून तपासलं.

“तो आता वयात आलाय. घर त्याचं झालंय,” ते म्हणाले. “आणि तुम्हीही त्याच्याच.”

“ऑपरेशननं चावणं थांबेल?”

“कमी होईल बहुतेक. पण एवढासा जीव, भुलीतून उठलाच नाही असंही होतं. घरी येणं-जाणं खूप असतं का?”

“नाही. फक्त मुलगी येते, सुट्टीत.”

“मग तेवढे दिवस पिंजऱ्यात ठेवा. मी असतो तर चाकू लावला नसता. पण ठरवायचं तुम्ही.”

बरेच दिवस मी काहीच ठरवलं नाही. ख्रिसमसला मुलगी रूममेटच्या घरी गेली. मी फोनवर विचारलं, “आणि तो मेला तर?”

ती म्हणाली, “आय डोन्ट नो, आई. मला आता त्याची भीती वाटते.”

फोन ठेवल्यावर मला वेगळीच भीती वाटली. आज रूममेटचं घर, उद्या आणखी कुणाचं. सवय लागायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांची वेळ घेतली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याला तिथे सोडून मी कामावर गेले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजताना आकडा सारखा चुकत होता. दुपारी फोन आला, तो शुद्धीवर आलाय. घरी आणला तेव्हा तो थरथरत होता. मी त्याला स्वेटरच्या आत पोटाशी धरून बसून राहिले.

फरक हळूहळू पडला. मार्चच्या सुट्टीत मुलगी आली तेव्हा तो खाली उतरला, तिचा हात हुंगला आणि मांडीत जाऊन बसला. ती श्वास रोखून बसली होती, मग हसायला लागली. किती दिवसांनी त्या घरात कुणी असं हसत होतं! ती आठवडाभर राहिली, रोज माझ्या हातची खिचडी मागून खाल्ली.

ती गेल्यावर हीटर दुरुस्त करायला एक माणूस आला. हा त्याच्याही खांद्यावर चढला, त्याच्या हातून शेंगदाणा खाल्ला. “फ्रेंडली लिटल गाय,” माणूस म्हणाला. मीही हसले. माणूस गेल्यावर मात्र बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती बसून राहिले. जगात एक जीव असा होता की ज्याला मी सोडून दुसरं कुणी नको होतं. तो आता कुणाचाही झाला होता.

ऑपरेशन केलं ते बरोबरच केलं, आजही तेच करेन. तो पुढं कितीतरी वर्षं जगला. मुलगी दर सुट्टीत येत राहिली, नंतर नवऱ्याला घेऊन. खार पुन्हा कुणाला चावला नाही, तिच्या नवऱ्यालाही नाही. मी कामावरून आले की तो सोफ्यावरून मान वर करून बघायचा आणि परत झोपायचा. मी कोट काढून आमटी गरम करायला ठेवायचे आणि त्याला दिवसभराचं सांगायला लागायचे.