हरीदादांनी मोजलेला उजेड

मंगळवारी सकाळी दहा वाजता अष्टमी गावाहून फोन आला. हरीदादा गेले, असं त्यांच्या मुलीने सांगितलं. मी वाचनालयाचं कुलूप काढत होते. कुलूप काढलं, आत गेले आणि खुर्चीवर बसले. त्याला आता सहा आठवडे झाले.

हरिश्चंद्र म्हात्रे आमच्या नगरपालिकेचे वायरमन होते. मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले त्याच आठवड्यात त्यांची गाठ पडली. वाचनालयातला पंखा खडखडत होता म्हणून मी रीतसर अर्ज लिहून पाठवला होता. हरीदादा शिडी घेऊन आले, पण पंख्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खोलीच्या मधोमध उभं राहून चारी बाजूंना मान फिरवली आणि विचारलं, "मॅडम, भर दुपारी सगळ्या ट्यूबा पेटवून तुमी काय शोधताय?" मी म्हटलं, इथे अंधार असतो. "अंधार कुठला? तुमी खिडक्यांना कपाटं टेकवलीत." खरं होतं ते. पुस्तकांना ऊन लागू नये म्हणून आल्या आल्या मीच ती कपाटं ओढून घेतली होती. "पुस्तकं जपलीत बरी," असं म्हणत ते शिडीवर चढले आणि पंखा दुरुस्त करून गेले. पुढे महिन्याभरात त्यांनी मला मॅडम म्हणणं सोडून दिलं. मग मी कायमची 'गो ताई' झाले.

दादा मूळचे हमरापूरचे. घरात गणपतीच्या मूर्तींचं काम. त्यांचे वडील मूर्तीच्या डोळ्यांची आखणी फक्त दिवसाउजेडी करत, तीही उत्तरेच्या खिडकीशी बसून. दादाही लहानपणापासून डोळे आखायला शिकले होते. पुढे नोकरी विजेच्या तारांची लागली, पण उजेडाचं माप त्यांच्याजवळ तेच राहिलं. नगरपालिकेच्या सगळ्या इमारतींमधली वीज कमी करायची असं ठरलं आणि ते काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा उजेड मोजायचं यंत्र वरून येणार होतं. ते येईपर्यंत थांबायचा दादांचा स्वभाव नव्हता. खिशात बारीक ब्रश, काळ्या रंगाची डबी आणि कोरे कागद घेऊन ते निघाले. दवाखाना असो की सभागृह, माणसं जिथे बसून काम करतात तिथेच ते बसायचे आणि कागदावर गणपतीचा डोळा आखायचे... आधी भुवई, मग पापणी, मग बुबुळ. हात न अडखळता रेघ पुरी झाली की उजेड जास्त आहे असं समजायचं. मग एक ट्यूब काढायची आणि पुन्हा एक डोळा आखायचा. रेघ हलली की शेवटची ट्यूब परत लावायची. कागदाखाली खोलीचं नाव आणि ट्यूबांचा आकडा. जन्ममृत्यू नोंदणीतले कारकून म्हणायचे, "हरीदादा, आमच्या टेबलावर गणपती बसवताय काय?" दादा मान वर न करता विचारायचे, "दीड दिवसाचा की पाच?"

मग वाचनालयावर वेळ आली. महिन्याभरात इथला विजेचा वापर उतरला नाही तर वाचनालय संध्याकाळी सहाला बंद करावं लागेल, असा कागद माझ्या हातात पडला. सहा वाजता तर माझं वाचनालय भरायला लागायचं. भरतीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली यायच्या, कंपनीतून शिफ्ट संपवून मुलगे यायचे. यातल्या कित्येकांच्या घरी दोन खोल्या, त्यात सहा माणसं आणि एक टीव्ही. त्यांनी अभ्यासाला कुठे बसावं? मी कागद घेऊन दादांकडे गेले. त्यांनी तो सावकाश वाचला, घडी करून मला परत दिला. "महिना हाय ना? मग पुरे."

आम्ही तीन दिवस कपाटं हलवत होतो. मुलींनी पुस्तकं उतरवली, चढवली. छताला चुना लागला. मग एका संध्याकाळी दादा बसले, डोळे आखत गेले आणि बारा ट्यूबांच्या पाच झाल्या. मुली वाचत होत्या, कुणी तक्रार केली नाही. मीटर मंदावलं. मी मनातून इतकी खूश होते की पाटीलबाबा येईनासे झालेत हे माझ्या लक्षात यायला दोन आठवडे गेले.

पाटीलबाबांनी सारं आयुष्य मिठागरावर काढलं होतं. मुलाच्या नोकरीमुळे ते या गावात राहायला आले होते. रोज सहाला येऊन वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. ते आजारी असतील असं वाटून मी आणि दादा त्यांच्या घरी गेलो. बाबा ओट्यावर बसले होते, ठणठणीत.

"येत का नाय?" दादांनी विचारलं.

"येऊन काय करू? अक्षर दिसत नाय."

"पोरींना तर दिसतंय."

"त्यांचे डोळे नवे हाईत. माझे मिठाच्या पांढऱ्या उजेडात करपले." बाबांनी दादांकडे रोखून पाहिलं. "हरी, देवाचे डोळे लय काढलेस. आता माझे बघ."

परतताना दादा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. नदीवरच्या पुलापाशी सायकल थांबवून म्हणाले, "हात माझा, डोळे माझे... उजेड पन माझ्यापुरताच मोजला गो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सगळे कागद रद्द केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी ब्रशाऐवजी बरोबर पाटीलबाबा होते. दादा त्यांना प्रत्येक खोलीत खुर्चीवर बसवायचे आणि सगळ्यात बारीक छापलेलं काहीतरी वाचायला द्यायचे. दवाखान्यात त्यांनी गोळ्यांची पाकिटं वाचली. सभागृहात कोनशिलेवरची सगळी नावं मोठ्याने वाचून काढली आणि सांगितलं, "यातला एकबी आता निवडून येत नाय." बाबांना वाचता आलं तरच खोली पास. काही ठिकाणी ट्यूबा परत लागल्या. त्याचा दादांना जराही कमीपणा वाटला नाही. उलट त्या दोघांना असं हिंडताना पाहून सगळ्या नगरपालिकेत हसू पसरलं होतं.

वाचनालयात मात्र ट्यूबा वाढवून चालणार नव्हतं, महिन्याचे आठच दिवस उरले होते. दादांनी छताच्या ट्यूबा पाचावरून दोनावर आणल्या आणि प्रत्येक टेबलावर हाताच्या अंतरावर एक छोटा एलईडी दिवा खाली सोडला. प्रत्येकाला वेगळं बटण. "सगळी खोली कशाला पेटवायची? माणूस बसला त्याच्यापुढं उजेड पायजे." पाटीलबाबांनी निविदांच्या जाहिराती वाचून दाखवल्या, तोंडातल्या तोंडात हसत. महिना संपला तेव्हा दादा स्वतः मीटरपाशी जाऊन आकडा उतरवून कार्यालयात गेले. परत आले ते दारातूनच म्हणाले, "सहा नाय, नऊ." त्या संध्याकाळी मुलींनी पेढे आणले. बाबा म्हणाले, "नऊपर्यंत कोन बसतोय? मना जेवायला घरी जायचं हाय." आणि पेढा दुसरा घेतला.

निवृत्तीनंतर दादा वाचक म्हणून यायला लागले. दिवे बंद करा, अशी पाटी मी लावणार होते, ती त्यांनी लावू दिली नाही. ते फक्त उठायचे, आपल्या टेबलाचं बटण खाली करायचे आणि शेजारी कुणी असेल त्याला "येतो" म्हणून जायचे. शेजारचा माणूस ते पाहायचा. पुढच्या वेळी उठताना त्याचाही हात बटणाकडे जायचा. वर्ष-दोन वर्षांत सगळ्या टेबलांवर तेच झालं. पुढे दादा अष्टमीला मुलीकडे राहायला गेले, त्यामुळे आता येणाऱ्या कितीतरी मुलींनी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही. दुसऱ्या मुलींना पाहून त्या शिकल्या आहेत.

वाचनालय नऊला बंद होतं. मी उठते तेव्हा एकच दिवा चालू असतो, माझ्या टेबलावरचा.