परत न घेतलेला मुद्देमाल

नोकरीतले बरेचसे गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. पण खडवलीला नदीकाठी धरलेले ते मास्तर अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर आहेत.

खडवली तेव्हा आमच्या हद्दीत होती आणि बोगस मार्कशीट बनवणाऱ्या एका टोळीच्या मागावर आम्ही होतो. स्टेशनबाहेरच्या चहावाल्याने खबर दिली, "साहेब, डोंबिवलीवरनं एक म्हातारा येतो. जड पिशवी असते. नदीवर कागद जाळतो नि रिकामी पिशवी घेऊन जातो." पुरावा नष्ट होतोय असं समजून आम्ही सापळा लावला. दोन पंच सोबत घेतले आणि काडी ओढण्याआधीच माणसाला धरलं. पिशवीत एकही मार्कशीट नव्हती. एकाच मराठी कादंबरीच्या प्रती होत्या आणि बहुतेकांवर कल्याण-डोंबिवलीतल्या वाचनालयांचे शिक्के होते.

पोलीस ठाण्यात आणून बसवलं. चोरी केलेला माणूस सहसा खुर्चीच्या टोकाला बसतो. हे मात्र पाठ टेकून बसले, फार चालून आल्यासारखे.

"पुस्तकं कुठून आणलीत?"

"सभासद होऊन घरी नेली आणि परत केली नाहीत."

"आणि जाळता कशाला?"

"मीच लिहिलंय ते."

गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. कादंबरीत एक कल्पित शहर होतं. तिथलं उत्सव मंडळ वर्गणीसारखी घरोघर फिरून न आवडलेली पुस्तकं गोळा करतं आणि लोक हसतमुखाने देतात, कारण उद्या पाण्याचा टँकर त्याच मंडळाकडून हवा असतो. मास्तरांच्या गल्लीतल्या मंडळाने ते स्वतःवर ओढून घेतलं. काही पोरं घरी आली. सगळे मास्तरांचेच विद्यार्थी.

"मग तक्रार का नाही दिलीत?" मी विचारलं.

"काय लिहून देऊ? पाया पडले, चहा प्यायले. जाताना म्हणाले, 'सर, टेन्शन नका घेऊ, पण बाहेर असलेल्या कॉप्या तुम्हीच गोळा करा ना. काकू दिवसभर एकट्याच असतात घरी.' तेव्हापासून बायको जिना उतरलेली नाही."

"नावं सांगा, मी बघतो."

"तुमची बदली होईल, साहेब. मला तिथेच राहायचंय."

ते खरं होतं. मी त्यांना जाऊ दिलं.

पुस्तकं मूळ मालकांना परत करायची म्हणून वाचनालयांना कळवलं. मालकाने सुपुर्दनाम्यावर सही करायची आणि आपली वस्तू घेऊन जायची, इतकं साधं काम. एकही जण तयार होईना. एका वाचनालयाचे चिटणीस तर हात जोडून म्हणाले, "नको हो साहेब. उद्या कोणी येऊन काचा फोडल्या तर? आमच्या वहीत हरवलं म्हणून लागलंय, तसंच राहू दे." मास्तरांनाही ती घरात नको होती. मुद्देमाल खोलीत गावठी दारूचे कॅन आणि चोरीच्या मोटरसायकलींच्या टाक्या यांच्या शेजारी गठ्ठा पडून राहिला. एक प्रत मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत वाचून काढली. चांगली होती. ठाण्यातल्या दुसऱ्या कोणालाही ती वाचावीशी वाटली नाही.

त्या पुस्तकावर सरकारने कधीच बंदी घातली नव्हती. घातली असती तर निदान कोर्टात दाद मागता आली असती. इथे फिर्याद नव्हती, हुकूम नव्हता, कलम लावावं असा एकही शब्द कोणी उच्चारला नव्हता. कायदा मोडला की पोलीस येतो. इथे सगळे सभ्यपणे वागत होते आणि मी हात चोळत बसलो होतो.

शेवटी बेवारस मुद्देमालाची निर्गती करण्याचा न्यायालयाचा आदेश आला. ठाण्याच्या मागच्या आवारात पंचांसमक्ष आम्ही त्या प्रती जाळल्या. मास्तर नदीवर करत होते तेच काम सरकारी खर्चाने झालं.

त्याच आठवड्यात मास्तर ठाण्यात आले. दारातच उभे राहून त्यांनी विचारलं, "पुस्तकं नष्ट केल्याच्या पंचनाम्याची प्रत मिळेल का? मंडळाच्या पोरांना दाखवायची आहे. म्हणजे बायको खाली भाजीला तरी जाऊ शकेल."

मी प्रत काढायला लावली आणि शिक्का मारून दिली. त्यांनी ती नीट घडी करून खिशात ठेवली आणि माझा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले. इतक्या वर्षांत कोणी पोलिसाचे एवढे मनापासून आभार मानलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी मला माझ्या खुर्चीत बसवेना.