शांतारामदादांची आठ दिवसांची मॅनेजरी

रंगाचे रिकामे डबे भंगारवाला घेऊन जायचा. किस्से कोणी नेले नाहीत, ते साठतच गेले! महाडच्या एसटी स्टँडजवळ आमचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. मालक नाना. त्यांना स्वतःला सरळ रेघ मारता येत नसे, पण बोलण्यात असे पक्के की एक पाटी सांगायला आलेलं गिऱ्हाईक दोन सांगून जायचं. हात होता तो शांतारामदादांचा. आणीबाणी उठली त्या साली मी त्यांच्या हाताखाली लागलो. मला एकच ऐकायचं होतं. दादांनी एकदा म्हणावं, "पेंटर झालास."

*

पहिले तीन महिने त्यांनी मला जुन्या वर्तमानपत्रांवर नुसत्या उभ्या रेघा मारायला लावल्या. शेवटी धीर करून विचारलं, "दादा, अक्षर कधी?"

त्यांनी माझ्या रेघा बघितल्या. "ह्या सगळ्या दारू पिऊन उभ्या हायत. आधी त्यांची उतरू दे!"

*

मार्चमध्ये सत्याग्रहाच्या दिवशी चवदार तळ्यावर यायला वाड्यावाड्यांतली माणसं आमच्याकडून कापडी फलक लिहून घ्यायची. एका वर्षी आमच्या वाडीचा फलक दादांनी मला लिहू दिला. आईला वाचता येत नव्हतं. तरी त्या गर्दीत, इतक्या फलकांतून तिने माझा बरोबर ओळखला!

"कसा ओळखलास गो?"

"बाकीच्यांची अक्षरं सरळ हायत रे!"

हे ऐकून दादा दोन दिवस हसत होते.

*

पुढे नानांनी पोलादपूरला, महाबळेश्वरच्या फाट्याजवळ, दुसरं दुकान काढलं. तिथे हॉटेलांच्या पाट्यांना तोटा नव्हता. दादांना मॅनेजर केलं. नवं टेबल, नवी खुर्ची! अट एकच, ब्रशला हात लावायचा नाही, कारागिरांकडून काम करून घ्यायचं.

आठव्या दिवशी नाना न सांगता तिकडे गेले. टेबलामागे कोणीच नाही. मॅनेजर मागच्या भिंतीशी, खुर्चीवर उभे राहून एका खानावळीचं नाव लिहीत होते! खुर्चीवर हिरव्या रंगाची पावलं उमटलेली.

"शांताराम, अरे ही बसायला दिली होती!"

"झकास हाय नाना. उंची बरोबर येते."

संध्याकाळच्या एसटीने मॅनेजर महाडला परत.

*

मग नानांनी मला विचारलं. माझं लग्न ठरलं होतं, आणि "जावई मॅनेजर होणार" असं सासरे गावभर सांगूनही मोकळे झाले होते! मी हो म्हटलं.

दादांना सांगायला गेलो तर ते ब्रश धूत बसलेले. धुतलेला ब्रश झटकून डब्यात उभा केला. मग म्हणाले, "जा. चांगलंच हाय. मला खुर्चीत झोप येते, तुला नाय यायची."

मला फार वाईट वाटलं. जे ऐकायला इतकी वर्षं थांबलो, ते आता काही ऐकायला मिळणार नाही, हे कळून चुकलं.

*

पोलादपूरच्या दुकानावर माझ्या नावाची पाटी लावायची होती. "ती मी करणार," म्हणून दादा स्वतः आले. पत्रा दारावर ठोकला, शिडीवर चढले आणि दुपारपर्यंत अक्षरं लिहिली. आमच्याकडे रिवाज होता. अक्षरं कोणीही लिहो, वरची आडवी रेघ सगळ्यात शेवटी, एका दमात, आणि ती उस्तादानेच मारायची. इतक्या वर्षांत मी लिहिलेल्या प्रत्येक पाटीवर ती दादांनीच मारली होती.

अक्षरं पुरी करून दादा खाली उतरले. माझं नाव वर तसंच, बिनरेघेचं.

"दादा, रेघ राहिली."

त्यांनी ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या काठावर निथळवला आणि माझ्यापुढे धरला.

मी इस्त्रीच्या शर्टात! रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागलेली.

"चढ," दादा म्हणाले. "शिडी मी धरतो."