शिकवलेलं उत्तर

भिजवलेल्या वाळ्याचा वास आला की सोलापूरच्या कोर्टातली ती दुपार आठवते आणि माझं डोकं तापतं. मी सात वर्षांची होते. वडिलांनी आईला घराबाहेर काढलं होतं आणि ती कुर्डुवाडीला मामाकडे राहत होती. खटल्याचा निकाल लागेपर्यंत तरी मुलगी माझ्याकडे द्या, एवढाच तिचा अर्ज होता. आत्यानं मला चार दिवस घोकवलं होतं, "जज्जसाहेबांनी विचारलं की म्हणायचं, आई मारते." आईनं मला कधी बोटही लावलं नव्हतं. वाळ्याच्या पडद्यामागच्या गारव्यात साहेबांनी वाकून विचारलं, "आई मारते का गं?" मी आत्याकडे बघितलं आणि "हो" म्हणाले. आई ताडकन उठली. "पोरीच्या तोंडून खोटं वदवता? लाज नाही वाटत?" साहेबांनी तिलाच गप्प बसवलं आणि अर्ज फेटाळला. बाहेर वडिलांनी माझी पाठ थोपटली, "शहाणी गं माझी पोर!" आई माझी सुटलेली वेणी बांधायला जवळ आली, तर आत्यानं मला ओढून नेलं. त्यानंतर आई भेटली ती थेट माझ्या लग्नानंतर. वडील जाऊनही आता वीस वर्षं झाली. सोडून दे, असं सगळे म्हणतात. का सोडू? सात वर्षांच्या पोरीची आई त्यांनी हिसकावली, आणि तीही तिच्याच तोंडून खोटं वदवून.